मूळ कारण

तीन हजार दोनशे रबरांतलं एक परत आलं.
गाडीच्या दाराच्या कडेला बसतं ते,
माझ्या विती अठरा.
आम्ही इथे पिसुर्ल्याला ओततो, कापतो, पुसतो
आणि तिकडे नित्रा नावाच्या गावात
कुणाच्या तरी दारात पाऊस अडतो.

सोबत फोटो होता, शंभरपट मोठा केलेला.
काळ्या रबरात एक लाल कण.
नाझारेथ सरांनी तो भिंतीवर डकवला.
तपासनिसाचा शिक्का सत्तावीस,
म्हणजे मी.

देश केवढा, मी भाच्याला विचारलं.
म्हणाला, माणसं पंचावन्न लाखही नाहीत,
गाड्या वर्षाला दहा लाखांच्या घरात.
मी बोटांवर हिशेब केला.
पाच-साडेपाच माणसांत एक गाडी,
पुढच्या वर्षी आणखी एक.
ठेवतात तरी कुठे?
मावशी, विकतात त्या.
आपण काय खनिज खात होतो?

तक्रारीच्या कागदावर पाच चौकोन,
पाचही चौकोनांत एकच प्रश्न: का?

कण का आला? साच्यात धूळ होती.
धूळ का होती? खिडकी उघडी होती.
उघडी का होती? एप्रिल, पंखा बंद, आम्ही अठराजणी.
सरांनी ते खोडून लिहिलं, वायुवीजन अपुरं.
खिडकीतून धूळ का यावी?

इथे सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.
खिडकीबाहेर डंप आहे.
उलटून टाकलेल्या मातीचा डोंगर,
त्याच्या अंगावर रान उगवलंय तरी वारा आला की लाल सुटतो.
पायथ्याशी टिपर उभे, चाकं काढलेले.
एक आमचा.
बॉनेटवर मुलीचं नाव रंगवलेलं, सान्वी,
हप्ते चार राहिले होते तेव्हा खाण थांबली.

मे संपताना झुझाना आली, नित्राहून,
घामाने निथळत, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
मशीनकडे गेलीच नाही.
सरळ खिडकीशी. चौकटीवर बोट फिरवलं,
बोटाकडे बघत राहिली.

सर सांगत होते तिचं बोलणं, तुकड्या-तुकड्याने.
वडील हांडलोव्याच्या खाणीत होते. कोळसा.
दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी काळे व्हायचे.

आमचे लाल, मी म्हटलं.
सरांनी ते पुढे सांगितलं नाही.
ती माझ्याकडे वळून हसली.

मग खाण मिटली. मक्याच्या शेतात गाड्यांचा कारखाना आला,
मागोमाग काचेचा, सीटचा, तारांचा.
गावातली पोरं तीन पाळ्यांत वाटली गेली.
वडिलांनाही बोलावलं होतं, ते गेले नाहीत.
म्हणाले, उजेडात काम करायची सवय नाही मला.

माझा नवरा गेला.
गेटवर असतो, निळ्या शर्टात, वहीत नंबर लिहितो.
वास्कोला जाणारा कंटेनर मागे घेताना
ड्रायव्हरला हात दाखवतो,
आणि तो हात हवेतच
स्टिअरिंगसारखा वळतो.

पाचव्या चौकोनात झुझानानेच लिहिलं,
तिच्या भाषेत, एकच शब्द.
भाच्याने रात्री फोनवर शोधला:
वारा.

कागद मंजूर झाला.
खिडक्यांना जाळी बसली. पंखा यायचाय.

परत आलेलं रबर मी सरांना विचारून घरी आणलं.
रविवारी नवऱ्याने ते टिपरच्या दाराला लावून बघितलं,
खाचेत अंगठ्याने दाबत दाबत, सगळीकडून.
दीड वीत जास्त भरलं.
कापू का, मी विचारलं.
नको, म्हणाला. असू दे.
आणि दार दोनदा उघडून
दोनदा बंद केलं.